शेपटीचा हिशेब

पहिलं विमान कुणी उडवलं, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी, १८९५ मध्ये, गिरगाव चौपाटीवर, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. दुसरा पक्ष म्हणतो, कसले राइट आणि कसले तळपदे, नवव्या शतकात कुर्तुब्याचा अब्बास इब्न फिरनास उडाला होता. दोघांच्याही मोबाईलमध्ये पुरावा म्हणून एक-एक फॉरवर्ड तयार असतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे दोन्ही फॉरवर्ड माझ्यापर्यंत न चुकता पोचतात.

तळपदे हे संस्कृतचा व्यासंग असलेले, यंत्रांची आवड असलेले गृहस्थ होते. त्यांनी विमानाचे प्रयोग केले हे खरं मानायला हरकत नाही. पण ते यंत्र किती उंच गेलं, किती वेळ टिकलं, खाली कसं आलं, याची त्या काळातली भक्कम नोंद कुणी समोर ठेवलेली नाही. त्यांच्या नावाशी जोडलं जाणारं 'वैमानिक शास्त्र' हे पुस्तक तर विसाव्या शतकात सांगितलं आणि लिहून घेतलं गेलं. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी त्यातल्या आकृत्या तपासल्या आणि ही यंत्रं उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच.

आता आमच्या पक्षाकडे येऊ. इब्न फिरनासची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः अल-मक्करी या इतिहासकारामुळे. तो सतराव्या शतकातला. म्हणजे इब्न फिरनास ८८७ मध्ये वारला आणि त्याच्या उड्डाणाची सविस्तर हकीकत त्यानंतर साडेसातशे वर्षांनी लिहिली गेली. त्याच्या काळातल्या एका कवीने त्याच्यावर ओळी रचल्या होत्या, एवढा एक आधार त्याच काळातला आहे. बगदादच्या विमानतळाच्या रस्त्यावर त्याचा पुतळा आहे आणि चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे. पण पुतळा हा पुरावा नसतो. तळपद्यांना जी कसोटी लावायची, तीच इब्न फिरनासलाही लावायला हवी.

असं असूनही अल-मक्करीच्या मजकुरात एक वाक्य आहे, ज्यासाठी मी ती गोष्ट मुलांना सांगतो. तो लिहितो त्याचा आशय असा: इब्न फिरनासने अंगाला पिसं लावली, पंख बांधले, हवेत बरंच अंतर गेला, पण उतरताना त्याच्या पाठीला मार बसला. कारण पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने शेपूट केलीच नव्हती.

उडाला की नाही हा वाद बाजूला ठेवा. इथे कुणीतरी काय बिघडलं ते लिहून ठेवलंय. आणखी एक उदाहरण घ्या. अरबीचा प्रसिद्ध शब्दकोश 'अस-सिहाह' रचणारा अल-जौहरी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला निशापूरमध्ये होता. त्याने दरवाजाच्या दोन फळ्या दोरीने अंगाला बांधल्या, उंचावरून उडी घेतली आणि तो मेला, असं जुने चरित्रकार सांगतात. शब्दाची मुळं शोधणारा एवढा काटेकोर माणूस, पण त्याच्या उडीतून पुढच्या माणसाला काहीच मिळालं नाही. फळी किती लांब होती, वारा कुठून होता, तो आधी पुढे झुकला की मागे, कशाचीच नोंद नाही. इब्न फिरनासकडून निदान शेपूट तरी मिळाली.

विमानाचा पुढचा सगळा इतिहास मला याच शेपटीच्या हिशेबाचा वाटतो. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालने टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा उडी घेतली, फोटो काढून घेतले, आकडे छापले. १८९६ च्या ९ ऑगस्टला तो पडला आणि दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, बर्लिनमध्ये वारला. ही तारीख लक्षात ठेवा. त्याचे आकडे राइट बंधूंनी वापरले, जिथे जुळेनात तिथे स्वतः तपासले. १९०२ मध्ये त्यांच्या ग्लायडरला मागे घट्ट बसवलेली उभी शेपूट होती. वळताना ग्लायडर अचानक एका अंगाने घसरायचं आणि वाळूत रुतायचं. ऑर्विलला सुचलं की ही शेपूट हलती ठेवावी. विल्बरने तिची दोरी पंखांच्या पिळाला जोडली. मग शेकडो उड्या त्याच वाळूवर, फार उंच न जाता. १९०३ च्या १७ डिसेंबरला जी १२ सेकंदांची, १२० फुटांची भरारी झाली, तिच्या मागे ही सगळी पडझड उभी आहे.

उर्दूत 'तजरबा' हा एकच शब्द प्रयोगालाही चालतो आणि अनुभवालाही. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. चाचणी उड्डाणाच्या बाबतीत मला उर्दूचा हा कंजूषपणा बरा वाटतो. ज्या प्रयोगातून पुढच्याला अनुभव मिळत नाही, त्याला तजरबा तरी कसं म्हणायचं?

हे सगळं आठवायला निमित्त होतं आपल्या खानदेशातलं. नंदुरबार जिल्ह्यात विमानतळ नाही. १९९८ च्या १ जुलैला धुळ्यापासून वेगळे झालो, तेव्हा धावपट्ट्या तिकडेच राहिल्या. एक धुळ्याजवळ गोंदूरला, दुसरी शिरपूरला. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं या दोन ठिकाणांहून उडतात, आणि एखादं तापीच्या काठाने फिरताना दिसलं की पोरं मैदानातून हात हलवतात. याच गोंदूरच्या धावपट्टीवरून २०२० च्या ऑगस्टमध्ये, टाळेबंदीच्या त्या विचित्र दिवसांत, एका मराठी माणसाने घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान उडालं. कोरोनाच्या बातम्यांत ती बातमी चार दिवसांत विरून गेली.

कॅप्टन अमोल यादव यांची हकीकत अनेकांना तुकड्या-तुकड्यांत माहीत असते. ते जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. मुंबईच्या कांदिवलीत, चारकोपमध्ये, एकत्र कुटुंबात राहायचे. अमेरिकेत उड्डाण शिकत असताना जुनं छोटं विमान मोटारीच्या किमतीत मिळतं हे त्यांनी पाहिलं आणि आपण ते बांधूही शकतो असं मनाने घेतलं. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नाहीत. तिसरं, सहा आसनांचं, इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं. इंजिन आणि सुटे भाग वर चढवायचे, गच्चीवर जोडायचे, घरच्यांनी दागिने मोडून पैसा उभा करायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' प्रदर्शन भरलं, तेव्हा ते सुटं करून खाली उतरवलं आणि लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

बांधणं एक आणि उडवण्याची परवानगी मिळवणं दुसरं. नोंदणीसाठी त्यांची धडपड २०११ पासून चालू होती. मधेच नियम बदलले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी. (ही अक्षरं पंतप्रधान आणि तेव्हाचे मुख्यमंत्री यांच्या नावांवरून घेतली. फाईल इतकी वर्षं अडल्यावर माणूस कुणाचे आभार कसे मानेल, यावर आपण बोलू नये.) उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. मग विमान धुळ्याला आलं आणि पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या. नोंदणीच्या धडपडीपासून चाचणी उड्डाणापर्यंत नऊ वर्षं. शाळेच्या भाषेत सांगायचं, तर पहिलीत बसलेलं पोर दहावीच्या उंबऱ्यावर आलं.

चाचणी उड्डाण म्हटलं की सिनेमातलं दृश्य डोळ्यांपुढे येतं: चष्मा, स्कार्फ, आणि विमान झेपावतं. खरं काम फार कंटाळवाणं असतं आणि ते तसंच असावं लागतं. नवीन बांधलेलं विमान आधी तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून तोलतात. एकूण वजन महत्त्वाचं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं ते कुठे एकवटलंय. आपल्याकडे उसाची बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं की मान दाबते. विमान मागे जड झालं तर तेही असंच उलाळतं, नाक वर जातं आणि शेपटीत ते खाली आणायची ताकद उरत नाही. फरक एवढाच की गाडी उलाळली तर चार माणसं दांडीला लोंबकळून ती सरळ करतात. हवेत लोंबकळायला कुणी नसतं.

तोलल्यावर इंधनाची नळी तपासायची. नाक वर असताना, टाकी जवळजवळ रिकामी असताना इंजिनाला पुरेसं पेट्रोल पोचतं का, ते मोजून पाहायचं. मग इंजिन बांधून ठेवून चालवायचं, झाकण उघडून कुठे गळतंय का ते बघायचं, पुन्हा चालवायचं. मग विमान धावपट्टीवर नुसतं चालवायचं. ब्रेक लागतात का, सरळ जातं का. मग थोडं जोरात. मग आणखी जोरात. गावकऱ्यांना वाटतं, हे उडत का नाही, रोज नुसतं पळतंय. उडत नाही कारण प्रत्येक पळण्यानंतर एक तरी बोल्ट सैल सापडतो.

पहिलं उड्डाण पहाटे, वारा पडलेला असताना. विमानात फक्त चालवणारा, दुसरं कुणी नाही, पाहुणा नाही, फोटोवाला तर नाहीच. चाकं आत घ्यायची सोय असली तरी घ्यायची नाहीत. धावपट्टीच्या वरच घिरट्या घालत उंची घ्यायची, म्हणजे इंजिन बंद पडलं तर तरंगत खाली येता येतं. पुरेशा उंचीवर हळूहळू वेग कमी करून विमान कुठल्या आकड्याला पंखांवरचा तोल सोडतं ते पाहायचं, कारण उतरताना त्या आकड्याच्या बरंच वर राहायचं असतं. मग खाली. मग परत झाकण उघडायचं. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला सहसा असे २५ तास काढावे लागतात, आणि इंजिन-पंख्याची जोडी आधी प्रमाणित नसेल तर ४० तास. तेही वस्तीपासून दूर.

हे सगळं घाबरटपणा वाटू शकतं. पण २०१२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने घरगुती विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा दोन कारणं सगळ्यांत पुढे आली: इंजिनाची ताकद जाणे आणि ताबा सुटणे. आणि बरेच अपघात विमानाच्या अगदी सुरुवातीच्या तासांत झालेले होते.

धुळ्याच्या उड्डाणानंतर सुमारे एक वर्षाने, १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, फुलसावंगी गावात शेख इस्माईल शेख इब्राहिम हा तरुण आपल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. लिलिएंथालचीच तारीख. गावात त्याला मुन्ना म्हणत. शिक्षण आठवीपर्यंत. फॅब्रिकेशनचं काम करायचा, कूलर, कपाटं अशा वस्तू बनवायचा. सुमारे दोन वर्षं खपून त्याने एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं होतं, मारुती ८०० चं इंजिन लावून. स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवायचं त्याच्या मनात होतं, असं वर्तमानपत्रांत आलं. चाचणी जमिनीवरच चालली होती. इंजिनाचा वेग वाढवल्यावर मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि मोठ्या पंख्याचा फटका आत बसलेल्या मुन्नाला बसला.

त्या रात्रीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मी तो वर्गात दाखवला नाही, आणि कुणी मोबाईलवर काढला तर बंद करायला लावला. खाली लोक काय काय लिहीत होते! कुणी त्याला वेडा ठरवलं, कुणी शहीद. मला दोन्ही शब्द आळशी वाटतात. वेडा म्हटलं की त्याच्या हाताच्या हुनराकडे बघावं लागत नाही, आणि शहीद म्हटलं की काय तुटलं ते विचारावं लागत नाही.

तुटली ती शेपूट. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा एका दिशेने फिरला की खालचं धड उलट्या दिशेने फिरू बघतं. त्याला धरून ठेवतो तो मागचा छोटा पंखा. आकाराने लहान म्हणून तो दुय्यम वाटतो, पण तो वरच्यापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरतो. एक साधं गणित करू. हे माझं उदाहरण आहे, मुन्नाच्या यंत्राचं माप नाही. मध्यापासून अर्ध्या मीटरवर १०० ग्रॅमचा एक तुकडा आहे आणि पंखा मिनिटाला १५०० फेरे घेतोय. तो तुकडा बाहेर निसटायला जी ओढ लावतो, ती सुमारे १२५ किलो वजन टांगल्याइतकी असते. एक पावशेरसुद्धा नसलेला तुकडा, आणि त्याच्या वेल्डिंगवर दीड माणूस लटकतोय. वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे कमी वेगावर तासभर ठीक चाललेलं पातं जास्त वेगावर एका क्षणात जाऊ शकतं. दोन पात्यांच्या वजनात थोडा फरक असला तर धडधड वेगळीच. डोळ्यांना आणि हाताला यातलं काही कळत नाही. कूलरच्या पंख्यावर बसलेला हात तर हमखास फसतो, कारण कूलरचं पातं कुणाचं वजन उचलत नाही.

मोठ्या लोकांचंही पातं तुटलंय. १९०८ च्या १७ सप्टेंबरला खुद्द ऑर्विल राइट चालवत असलेल्या विमानाच्या पंख्याचं पातं फुटलं आणि शेजारी बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात गेलेला तो पहिला माणूस. सिकोर्स्कीने १९३९ च्या १४ सप्टेंबरला आपलं हेलिकॉप्टर पहिल्यांदा उचललं तेव्हा ते तारांनी जमिनीशी बांधलेलं होतं. मोकळं उड्डाण केलं १३ मे १९४० ला. मधले आठ महिने बांधलेल्या यंत्राला हलवत, मोडत आणि दुरुस्त करत गेले. सिकोर्स्की तेव्हा पन्नाशीचा, नावाजलेला विमानकार. त्यालाही दोर लागला.

मग यादव आणि मुन्ना यांच्यात फरक कशाचा? शिक्षण, पैसा, इंग्रजी, मोठ्या कंपनीतली नोकरी, हे सगळं आहेच, आणि ते लहान नाही. ज्या फाईलला एका विमान कंपनीच्या कॅप्टनला इतकी वर्षं झुंजवता येतं, तिच्या दाराशी आठवी पास फॅब्रिकेटर जाईलच कशाला? तो रात्री, गावातच चाचणी घेणार. पण माझं म्हणणं निव्वळ सरकारी अडवणुकीचं नाही. त्या नऊ वर्षांत कागदांचा छळ झाला, तशी यादवांच्या विमानाकडे परक्या माणसांची नजरही गेली. कुणी वजन विचारलं, कुणी नकाशा मागितला, कुणी हे असं का म्हणून अडवलं. अडवणूक आणि तपासणी आपल्याकडे एकाच खिडकीत मिळतात, ही खरी अडचण आहे.

अमेरिकेत १९५३ पासून घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना आहे. तिच्यात काही जुने-जाणते बांधणारे फुकट फिरतात. तुम्ही शेडमध्ये पंखाचा सांगाडा करत असता तेव्हा ते येतात आणि रिवेट तपासतात. पंखावर कापड चढण्याआधी येतात, कारण नंतर आतलं दिसत नाही. त्यांच्याकडे शिक्का नसतो, दंड करायचा अधिकार नसतो. आपण त्याला उस्ताद म्हणू. आपल्या प्रत्येक गॅरेजमध्ये, लेथवर, रेडिएटरच्या दुकानात उस्ताद असतोच. शागिर्दाने वेल्डिंग केलं की तो हातोडी मारून आवाज ऐकतो आणि 'परत मार' म्हणतो. मुन्नाला लोखंडाचा उस्ताद मिळाला असणार, हवेचा मिळाला नाही. हवेचं त्याला जे कळलं असेल ते मोबाईलच्या पडद्यावरून. पडदा हातोडी मारत नाही.

असे उस्ताद आपल्याकडे नाहीत असंही नाही. शिरपूरला, धुळ्याला विमानांची देखभाल करणारे अभियंते रोज कामाला येतात. शहाद्याहून शिरपूर ही तासा-दीड तासाची वाट आहे. वर्षातून एक दिवस हँगरचं दार आसपासच्या गॅरेजवाल्यांना आणि तंत्रशाळेच्या पोरांना उघडलं, तर कायद्याचं एक अक्षरही बदलावं लागणार नाही. येताना ज्याने जे बनवलंय त्याचे फोटो आणावेत, जमलं तर तुकडाही. अभियंत्याने भाषण करू नये, फक्त विचारावं. पातं कशाचं केलं? दोन्ही पाती एका तराजूवर ठेवून पाहिलीस का? इंजिन चालू करताना तू कुठे उभा असतोस? मागचा पंखा मिनिटाला किती फिरतो, आणि तो आकडा तुला कसा कळला?